हे रेडिओ केंद्र नाही

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या खात्यात टेबलं आधी आली की खुर्च्या, यावर आमच्यात अजून वाद होतो. किस्से मात्र दोन्हींच्या आधी आले, याबद्दल दुमत नाही! खात्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या बऱ्याच जणांची पेन्शन अजून चालू आहे, त्यात माझीही आली.

ही सगळी गोष्ट चौघांची. नागनाथ आप्पा रेडिओ दुरुस्त करायचा. कुलकर्णी वकिलाकडे काळा कोट होता, पक्षकार नव्हते. चाँदबी खाला बांगड्या भरायची. आणि चौथा मी, वाघमारे, नव्या जिल्ह्यातला नवा आवक-जावक कारकून. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. नेमणुकीचा कागद आईनं बुद्धाच्या तसबिरीमागं ठेवला होता आणि रोज संध्याकाळी तो जागेवर आहे ना, हे हात लावून बघायची. कागदावर मधोमध लिहिलं होतं, 'तात्पुरती'. हा शब्द मी आईला वाचून दाखवला नव्हता.

आजही आम्ही भेटलो की कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "नमस्कार, हे रेडिओ केंद्र नाही." मग चहा थंड होतो.

*

सुरुवात आप्पाच्या खोकल्यानं झाली.

आप्पाच्या दुकानात मेलेल्या रेडिओंचा ढीग होता. त्यातलेच चार पार्ट इकडचे, चार तिकडचे जोडून त्यानं एक खोका तयार केला आणि त्याची तांब्याची तार छपरावरून समोरच्या कडुलिंबाला बांधली. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचा, "बगावं म्हनलं, काय होतंय."

झालं असं, की समोरच्या घरात चाँदबी खाला बातम्या ऐकत बसली होती आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या वाक्यात मधेच आप्पा खोकला!

खाला बांगड्यांची पेटी तशीच टाकून दुकानात आली. "आप्पा, तू दिल्लीला गेलास असं वाटलं की रे मला! ते मधाचं औषध घे म्हनून कवाचं सांगायले, घेतलंस का?"

आम्ही गल्लीभर रेडिओ लावून हिंडलो. कडुलिंबापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आप्पाचा आवाज स्वच्छ येत होता. गिरणी सुरू झाली की येत नव्हता. एवढंच आमचं साम्राज्य!

*

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नळाच्या तोट्या पोरांनी खेळायला काढून नेल्या तरी कुणी ओरडलं नाही. पाणी टँकरनं यायचं आणि टँकरला वेळ नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. सकाळी दहाला येईल म्हणून बाया घागरी घेऊन नाक्यावर बसायच्या, आणि तो यायचा दुपारी चारला. माझी आईही त्यात असायची, डोक्यावर पदर आणि पदरावर ऊन घेऊन.

आप्पाच्या छपरावरून मात्र लांबचं वळण दिसायचं. टँकर वळणावर दिसला की नाक्यावर पोचायला त्याला दहा मिनिटं लागायची.

खालानंच सुचवलं. "खोकण्यापरीस तेवढं टँकरचं सांग की रेडिओत. बाया घरात बसतील सावलीला."

पण माईक समोर आला की आप्पाचं तोंडच उघडेना. खोकला तेवढा यायचा. वकिलाला बोलायला दिलं, तर त्यानं टँकर या विषयाला प्रस्तावना सुरू केली, आणि ती संपेपर्यंत टँकर रिकामा होऊन निघून गेला. राहता राहिलो मी. कचेरी दोन मिनिटांवर होती आणि आवक-जावक कारकून दिवसातून दोनदा चहाला उठला तर कुणाला खटकत नसे. आप्पा छपरावर लाल फडकं लावायचा, ते मला खिडकीतून दिसायचं. फडकं दिसलं की मला चहाची तल्लफ यायची!

*

आता कायद्याचं. तेव्हा साधा रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागे. त्याचं पुस्तक असायचं आणि दरसाल त्यावर शिक्का बसायचा. आप्पा कायद्याला फार मानणारा. दुकानातल्या मेलेल्या रेडिओंचीसुद्धा लायसनची पुस्तकं त्यानं जपून ठेवली होती.

वकील म्हणाला, "आप्पा, हे ऐकायचं लायसन आहे. बोलायचं वेगळं असणार. विनापरवाना बोलणं हा गुन्हा आहे. खोका जप्त, आप्पाला दंड किंवा तुरुंग, आणि वाघमारेची नोकरी खलास."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आप्पाला मात्र साधा उपाय दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोस्टाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, ऐकायचं लायसन हाय माझ्याकडं. बोलायचं पायजे."

खिडकीतल्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "बोलायला कामून लायसन लागतंय? हितं समदेच बोलतेत. मागं लाईन बगा किती बोलून ऱ्हायली!"

आप्पा परत आला आणि म्हणाला, "लागत न्हाई म्हनलेत."

*

वकिलाचं समाधान झालं नाही. त्याच्या आजोबांकडे निजामाच्या राज्यातली कायद्याची पुस्तकं होती. त्यातलं सगळ्यात जाड तो उचलून घेऊन आला. त्याचा पॉइंट असा, की इंग्रजांचा तारेचा कायदा आपल्याकडे कधी नव्हताच. इथं निजामाचा कायदा होता आणि त्यात रेडिओबद्दल काही नसणार. म्हणजे आपण सुटलो!

अडचण एकच होती. पुस्तक उर्दूत, आणि वकिलाला उर्दू येत नव्हतं. आम्हा चौघांत उर्दू येत होतं फक्त खालाला. तिनं चष्मा लावला, बोट ठेवून एक अख्खं पान मनात वाचलं आणि मान हलवली.

"काय लिहिलंय खाला?" वकील उतावीळ झाला.

"मोकाट बैल कोंडवाड्यात घातला तर त्याला चारा कुणी घालायचा, ते लिहिलंय."

"पुढं?"

"पुढं म्हशीचं हाय."

सगळं पुस्तक जनावरांचं निघालं. वकील तरी हरला नाही. "बघा! रेडिओला कुठंही मनाई नाही!"

खालाला मात्र ते पुस्तक आवडलं. तिनं ते वाचायला ठेवून घेतलं, आणि नंतर गल्लीत कुणाची शेळी कुणाच्या दारात गेली की निवाडा खालाच करायची.

*

शेवटी वकिलानं डोकं लढवून एक मसुदा तयार केला. "आपण केंद्र आहोत असं आपणच नाकारायचं. रोज, सुरुवातीलाच. उद्या कोर्टात उभं राहिलो तर मी हेच वाचून दाखवीन."

तेव्हापासून आमचा प्रत्येक कार्यक्रम असा सुरू व्हायचा :

"नमस्कार. हे रेडिओ केंद्र नाही. आपण हे ऐकत असाल, तर तो निव्वळ योगायोग समजावा. टँकर आला आहे असं आम्ही म्हणत नाही. तथापि, घागरी घेऊन नाक्यावर जाण्यास हरकत नसावी."

'तथापि' वकिलाचं. मी ते काढा म्हणून पाया पडायचा बाकी होतो, पण तो म्हणाला, तथापिवरच सगळी केस उभी आहे.

गाणी लावायची नाहीत, असंही त्यानं बजावलं होतं. गाण्याला आणखी एक कायदा लागतो म्हणे, आणि त्याचं पुस्तक त्याच्या आजोबांकडे नव्हतं.

*

माझा आवाज कुणी ओळखू नये म्हणून मी तोंडावर रुमाल धरून, धड्यातल्यासारखं शुद्ध बोलायचो. गल्लीत बातमी पसरली की पुण्याचा कुणी माणूस आलाय.

एक दिवस घरी आई म्हणाली, "त्या रेडिओतल्या लेकराला एकदा जेवायला बोलीव रं. आपल्यासाठी कुठून कुठून आलंय. किती गोड बोलतंय! न्हाईतर तू! सकाळधरनं नुसता हूं हूं करायलास."

मी म्हणालो, "हूं."

मला हसू आलं, पण त्या लेकरापायी आपल्या लेकाची नोकरी जाऊ शकते, हे तिला सांगायचं कसं?

*

मग तक्रार आली. कुठं आली? माझ्याच टेबलावर! जिल्ह्यातला प्रत्येक कागद आधी माझ्यापुढं यायचा.

तक्रार नाल्यापलीकडच्या एका गृहस्थाची होती. अक्षर मोत्यासारखं. 'कडुलिंबाजवळ एक बेकायदेशीर रेडिओ केंद्र चालू असून ते आमच्या घरी नीट ऐकू येत नाही. तरी ते तात्काळ बंद करावे किंवा आवाज वाढवावा.'

तो कागद फाडून मी खिशात घातला असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. मी काय केलं? आवकचा शिक्का मारला, नंबर दिला, रजिस्टरात ओळ चढवली आणि सही केली. मग वाचलं! आवक कारकुनाचा हात डोक्याला विचारत नाही. आणि एकदा रजिस्टरात चढलेला कागद फाडणं हे मला विनापरवाना बोलण्यापेक्षा मोठं पाप वाटत होतं. अजून वाटतं.

हेडक्लार्क भाऊसाहेबांपुढं नेला. त्यांनी वाचला. "रेडिओचा विषय कुठल्या टेबलाचा?" नव्या जिल्ह्यात तसं टेबलच नव्हतं. त्यांनी शेरा मारला, 'जुन्या जिल्ह्याकडे पाठवा.' महिन्यानं कागद परत आला, शेरा : 'गाव नव्या जिल्ह्यात असल्याने परत.' मी आवकचा शिक्का मारला. भाऊसाहेबांनी जुना शेरा पुन्हा मारला. मी जावकचा शिक्का मारला. असं सहा-सात वेळा झालं. दर खेपेला तो पाकिटातून निघाला की मी दाराकडं बघायचो आणि हात शिक्का मारायचा.

शेवटी शिक्क्यांखाली सगळा मजकूर बुडाला. एकच शब्द वाचता येत होता, 'कडुलिंब'.

भाऊसाहेब म्हणाले, "हे वनखात्याला पाठवावं काय?"

मी फार जोरात हो म्हणालो असणार. त्यांना संशय आला आणि त्यांनी कागद वर, वायरलेसचं काम बघणाऱ्या खात्याला पाठवला.

*

तिथून नोटीस आली. रजिस्टर्ड! पाकिटावर पत्ता : 'अनधिकृत केंद्र चालविणारा इसम, कडुलिंबाजवळ, लातूर.'

पोस्टमन गल्लीत हिंडून हिंडून थकला. सही घेतल्याशिवाय रजिस्टर पाकीट देता येत नाही आणि 'तो इसम मीच' असं कोण म्हणणार? दमून तो आप्पाच्या दुकानाच्या पायरीवर बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "आप्पा, तुमी तेवढं रेडिओवर सांगा की. अनधिकृत इसमानं येऊन नोटीस घेऊन जावी म्हनून. माझी चक्कर वाचंल."

वकिलानं मसुदा दुरुस्त केला आणि मी सांगितलं, "हे रेडिओ केंद्र नाही. तथापि, जो कोणी हे चालवत नाही, त्याची नोटीस पोस्टमनकडे आली आहे."

सकाळी कडुलिंबाखाली अकरा माणसं! प्रत्येकाचं म्हणणं, इसम मीच. गल्लीनं परस्पर ठरवलं होतं की आप्पा एकटा अडकायला नको. पोस्टमन चक्रावला आणि सवयीनं ओरडला, "लायनीत! लायनीत उभे ऱ्हावा!"

दुष्काळात लाईन दिसली की माणूस आधी लाईनीत उभा राहतो आणि मग विचारतो. बघता बघता मागं तीस बाया घागरी घेऊन उभ्या.

शेवटच्या बाईनं पुढचीला विचारलं, "काय वाटायलेत गं?"

"नोटीस."

"घरटी किती?"

*

अकरा जणांच्या सह्यांची पोचपावती परत गेल्यावर मात्र ते खातं खरंच जागं झालं. एक साहेब जीप घेऊन लातुरात उतरले. जीपमध्ये गोल तारेचं एक यंत्र होतं. कुठूनही रेडिओ बोलला की आवाज कुठून येतोय ते दिसणार. साहेब मूळचे हदगावचे, बोलायला गोड, आणि त्यामुळे आणखीच भीती वाटावी असे.

भाऊसाहेबांनी त्यांना सांगितलं, "आमचा वाघमारे त्याच भागातला. वाटाड्या म्हणून घ्या, पंच म्हणूनही होईल."

म्हणजे मला शोधायला मीच निघालो!

वकिलाला कळलं तसा तो केस आहे म्हणून उदगीरला पळाला. आयुष्यातली त्याची पहिली केस! आप्पानं खोक्यावर पोतं टाकलं. दोन दिवस आमचं केंद्र खरोखरच केंद्र नव्हतं.

लातुरात कडुलिंब किती आहेत ते मला त्या दोन दिवसांत कळलं. आमचा सोडून सगळे मी साहेबांना दाखवले. डाळमिलींच्या बाजूला यंत्र जोरात गुरगुरलं. साहेब ताडकन उठले. "हा आवाज कशाचा?"

"तुरीचा, साहेब."

साहेबांनी यंत्र बंद केलं. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "वाघमारे, रेस्ट हाऊसला पाण्याचा थेंब न्हाई. अंघोळ न करता फिरून राहिलो मी. तुमचं हे केंद्र सापडलं की सुटलो."

घरी आलो तर आई रिकामी घागर पालथी घालून बसली होती. दोन्ही दिवस टँकर येऊन गेला होता. रेडिओ सांगेल म्हणून बाया घरातच थांबल्या होत्या. आई रेडिओकडं बघून म्हणाली, "लेकरू आजारी तर न्हाई पडलं?" मी खालाकडं जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं, साहेब, यंत्र, अंघोळ, तात्पुरती नोकरी, सगळं. सांगताना मला रडू आलं, ते मी आजवर वकिलाला कळू दिलेलं नाही. खाला बांगड्या पुसत ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "एक कडुलिंब राहिला वाटतं, गिरणीजवळचा." जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. साहेबांनी यंत्र लावलं. पलीकडं छपरावर आप्पाचं लाल फडकं फडफडत होतं. टँकर वळणावर आला होता आणि मी जीपमध्ये होतो.

यंत्र खरखरलं. आधी आप्पाचा खोकला आला. मग पेटीतल्या बांगड्यांचा आवाज. मग खालाचा.

"नमस्कार. हे रेडिओ केंद्र न्हाई. मी चाँदबी, आन् मी बोलत न्हाई. टँकर आलाय असं आमी म्हनत न्हाई, पन पळा गं बायांनो, वळणावर आलाय!"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मी डोळे मिटले.

"आन् वाघमाऱ्या, त्या साहेबाला घेऊन कशाला उन्हात हिंडायलास रे बाबा? तुझ्या माईच्या दोन घागरी मी भरून घेते, तू घोर करू नको. तुझ्या साहेबानं तीन दिवस झाले अंघूळ केली न्हाई म्हनलास न्हवं, त्येच्यासाठी बी एक घागर जास्तीची धरते. बोलीव त्याला घरी. तथापि."

यंत्र बंद झालं. गल्लीतून बाया घागरी घेऊन जीपच्या दोन्ही बाजूंनी पळत गेल्या. त्यात माझी आईपण होती. पळता पळता तिनं साहेबांना नमस्कार केला. मला तसबिरीमागचा तो कागद दिसत होता आणि त्यावरचा मधला शब्द.

साहेब मांडीवर कागद ठेवून लिहीत होते. लिहून झालं, तसा त्यांनी तो माझ्यापुढं धरला. 'कडुलिंबाजवळ समक्ष तपासणी केली. कोणतेही रेडिओ केंद्र आढळून आले नाही.' खाली पंच म्हणून माझं नाव.

मी तो दोनदा वाचला.

"वाघमारे, ते स्वतःच सांगून राहिले की हे केंद्र न्हाई म्हणून. आपण कशाला वाद घालायचा? करा सही."

मी सही केली. साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"आधी रेस्ट हाऊसला घ्या. टॉवेल राहिलाय."